बेचिराग गावाचे पाटील

नांगराचं चित्र काढायला माणसाला किती वेळ लागावा? उकंडराव पाटील बोरडोहकरांना पाऊण घटका लागत असे. आधी ते बोरू स्वतः तासत, मग शाई ढवळत, मग कागदावर फुंकर मारत आणि मग इसाड म्हणजे लांब दांडा, मग फाळ, मग रुमणं म्हणजे मुठीचा दांडा, असं एकेक अंग इतक्या सावकाशीनं रेखत, की समोरच्याला वाटावं, आता हे त्याला बैलही जुंपणार. लिहिता न येणारे पाटील सहीच्या जागी नांगराची निशाणी करतात, तशीच ही. दुसरे पाटील दोन रेघा ओढून मोकळे होत. उकंडरावांना घाई नव्हती, कारण त्यांची निशाणी कोणी मागतच नव्हतं. ते ज्या गावाचे पाटील होते, त्या गावात कोणी राहत नव्हतं.

सरकारी दप्तरात अशा गावाला बेचिराग, म्हणजे बिनदिव्याचं, म्हणतात. गावाला नाव असतं, शिवार असतं, हद्दीचे दगड असतात, पाटीलकीचं वतन असतं. फक्त दिवा लावायला माणूस नसतं. बोरडोह अमरावतीहून एलिचपूरच्या वाटेला लागलं की चार कोसांवर होतं. उकंडरावांच्या आजाच्या काळात लुटालुटीला कंटाळून सगळं गाव उठून गेलं ते परत आलं नाही. पाटीलकी मात्र आजाकडून बापाकडे आणि बापाकडून यांच्याकडे न चुकता आली. उकंडरावांना बायको नव्हती, मूल नव्हतं, अमरावतीच्या कापूसबाजारामागे एका नातलगाच्या गोठ्याशेजारी पडवीत ते राहत. पण पागोटं पाटलाचं, चालणं पाटलाचं, आणि बाजारात कोणी ‘पाटील’ अशी हाक मारली की चार पाटलांमधून मान यांचीच आधी वळायची.

लोक थट्टा करत. “काय पाटील, गावची हालहवाल काय म्हन्ते?”

“बेस हाय बापा. भांडन नाई, तंटा नाई. असं गाव तुमच्या तालुक्यात दुसरं दाखवा.”

त्यांना ही थट्टा कळत नसे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. मी पुण्याहून नवा आलेला, सरकारी दवाखान्यात कारकून. वऱ्हाडचं ऊन, वऱ्हाडचं तिखट आणि वऱ्हाडची बोली या तिन्ही गोष्टी मला सारख्याच सोसवत नव्हत्या, आणि ज्याची बोली आपल्याला रांगडी वाटते त्याची अक्कलही बेताची असणार, असं समजण्याची आम्हा पुण्याच्या लोकांना खोड असते. ती पुढे उकंडरावांनीच मोडली.

एका पोळ्याला ते मला बोरडोहला घेऊन गेले. पोळ्याचा पहिला मान पाटलाच्या बैलजोडीचा. तोरणाखालून आधी ती जायची, मग गावची. आता त्या दिवशी कुठला शेतकरी स्वतःचे बैल दुसऱ्याला देईल? उकंडरावांना एका तेल्याचा म्हातारा बैल मिळाला, तोही एकटा. घाण्याला जन्मभर गोल फिरलेला तो बैल सरळ वाटेवर चालेना, दर थोड्या वेळानं उजवीकडे वळे. चार कोस आम्ही त्याला सरळ करत गेलो. बोरडोहला दोन बाभळींच्या मधे उकंडरावांनी स्वतः आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, बैलाच्या शिंगांना रंग दिला आणि भारदस्त पावलं टाकत त्याला तोरणाखालून नेलं. मग मागे वळून, रिकाम्या शिवाराकडे हात करून म्हणाले, “हं, आता तुमी या.”

मला हसू आलं होतं, पण ते ओठावर येईना. नंतर त्यांनी झुडपात हरवलेल्या मारुतीपुढची जागा साफ केली, कमरेची तेलाची कुपी काढली, पणती लावली आणि मला विचारलं, “हे काय हाय?”

“दिवा.”

“मंग? कोन म्हन्ते बेचिराग?”

पुढं सरकारच्या नव्या जमाबंदीत अशा रिकाम्या गावांच्या पाटीलक्या काढून टाकणार, अशी बोलवा होती. म्हणून ही पणती, म्हणून हे पागोटं. या माणसाजवळ जगात दुसरं काही नव्हतं, आणि जे होतं ते कागदावर होतं.

नावाचंही सांगतो. ज्या घरी पोरं जगत नाहीत त्या घरी नव्या पोराला उकिरड्यावर लोळवतात आणि उकंडा म्हणतात, म्हणजे मृत्यूला वाटावं की हा टाकलेला जीव आहे, याच्याकडे काय बघायचं. हे सांगताना पाटील खूश असत. “माह्या आंधी चार गेले. मले उकंड्यावर लोटलं अन् मी राह्यलो,” ते म्हणत.

ते दिवस मोठे मौजेचे होते. समुद्रापलीकडे अमेरिकेत गोऱ्यांचीच आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. काल ज्याला कोणी ओळखत नव्हतं तो आज पालखीतून फिरू लागला. निजामाच्या मुलखातून, खानदेशातून, मेळघाटातून माणसं लोटली. गाडीवान, हमाल, रेच्यावर सरकी काढणाऱ्या बाया, बडनेऱ्याकडे रेल्वेचा भराव घालणारे वडार, सगळे आले. ते झोपत कुठे? गाड्यांखाली. कापसाच्या गंज्यांवर मात्र छप्परं होती, कारण दवानं कापूस पिवळा पडतो. प्रत्येक गाठीवर काळ्या शाईनं धन्याचं नाव आणि गाव घातलेलं असे. हमालांच्या अंगावर तसं काही नव्हतं, आणि तोवर कोणी ते विचारलंही नव्हतं.

मग पटकी आली.

पहिल्या आठवड्यात शेटलोक घाबरले, दुसऱ्यात त्यांनी बंदोबस्त केला. दवाखान्याच्या आवारात लांबच लांब छप्पर घातलं, खाली कडबा अंथरला, औषधाच्या पेट्या आल्या, पेज शिजवायला ब्राह्मण आणि पाणी पाजायला माणसं ठेवली. सगळं उत्तम होतं. फक्त बाहेरगावचे उपटसुंभ येऊन छप्पर भरून टाकतील आणि गावच्या माणसाला जागा उरणार नाही, अशी एकाला शंका आली, आणि शंका शहाण्या माणसाची असल्यामुळे तिचा नियम झाला. ज्याला छपरात यायचं त्यानं आपल्या गावच्या पाटलाची चिठ्ठी आणावी: ‘हा इसम आमच्या गावचा आहे, त्यास औषधपाणी द्यावे.’ फाटकाशी मेज टाकून नियम वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज खणखणीत होता.

परिणाम असा झाला की छप्पर अर्धं रिकामं राहिलं. शहरातल्या माणसांना पटकी झाली तर ती घरी निजत, वैद्य घरी बोलावत. ज्यांना घर नव्हतं त्यांना गावही नव्हतं, म्हणून चिठ्ठी नव्हती. ती माणसं फाटकापासून शंभर पावलांवर गाड्यांखाली ओकत होती. आमचे डाक्तर मुंबईकडचे, अबोल गृहस्थ. ते दोन ओळींच्या मधून फिरत आणि रिकाम्या कडब्याकडे बघत.

लिंगू वडार आपल्या बायकोला पाठुंगळी मारून बडनेऱ्याहून चालत आला, तो दिवस मी विसरलेलो नाही. तिचं नाव यल्ली. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. मी विचारलं, “गाव?”

लिंगू म्हणाला, “जिथं काम तिथं गाव, मायबाप. आता भरावावर हाओत.”

“पाटील कोण?”

“मुकादम हाय. म्हंजी होता. मरी आली तसा पळाला.”

मी नियम वाचून दाखवला. तो म्हणाला, चिठ्ठी कोणाकडून आणू? मी म्हणालो, “ते मी कसं सांगणार?” हे माझे शब्द आहेत, त्यात एक अक्षर मी बदललेलं नाही. दुपारच्या आत यल्लीनं फाटकाबाहेरच्या निंबाखाली प्राण सोडला. आत पेज तयार होती, कोणी खाणारं नव्हतं म्हणून ती गुरांना घातली. मला फार वाईट वाटलं, आणि मी घरी जाऊन जेवलो. दोन्ही खरं आहे. तीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलेलं नाही, आज लिहून टाकतो.

हे सगळं उकंडराव निंबाला टेकून बघत होते. संध्याकाळी ते माझ्या मेजापाशी आले. त्यांची थट्टा ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, पण त्यांनी थट्टा केली नाही. “कारकूनबावा, एक सांगा. कोन्या बी पाटलाची चिठ्ठी चालते काय?”

“ज्या गावचा माणूस, त्या गावच्या पाटलाची.”

“अन् मानूस कोन्या गावचा, हे कोन ठरवते?”

“पाटील.”

“पाटील ठरवते,” ते स्वतःशीच म्हणाले. “माह्या बापानं मले लटकंच उकंड्यावर लोटलं, मून मी जगलो. यायले तर तुमी खरोखरचं लोटून राह्यले.” आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगू त्याच निंबाखाली आडवा पडलेला होता, पटकीनंच. उकंडराव त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी मला हाताच्या इशाऱ्यानं बोलावलं, आणि मी का कोण जाणे, मेज सोडून गेलो.

“लिवा,” ते म्हणाले. “मौजे बोरडोह. लिंगू वडार, हा इसम आमच्या गावचा हाय.”

“पाटील, हा बोरडोहचा?”

“तुमाले माहीत हाय काय, बोरडोहचे लोक कोनते?”

“तिथं कोणीच नाही!”

“मंग ते कुठंतरी असनच ना? आजाच्या वक्ताले गेले ते गेलेच. काय ठाव, याचा आजा त्यायच्यातलाच असन. मी पाटील हाव, मी ओयखलं याले. लिवा लवकर, मानूस जाऊन राह्यला.”

मी लिहिलं. उकंडरावांनी बोरू घेतला. मला वाटलं, आता इसाड, मग फाळ, आणि तोवर हा संपतो. पण जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं घाईनं नांगर काढला. इतका घाईनं, की रुमणं काढायचं राहिलंच. मुठीवाचूनचा तो नांगर घेऊन मी मेजाशी गेलो, खुर्चीवर बसलो, मीच लिहिलेली चिठ्ठी नीट तपासली आणि लिंगूला आत सोडलं. डाक्तर फाटकाशी येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, “चिठ्ठी आहे?” मी म्हणालो, “आहे.” ते म्हणाले, “मग प्रश्नच नाही,” आणि त्याचे पाय स्वतः धरून त्याला उचलू लागले.

लिंगू वाचला. औषधानं वाचला की पेजेनं, की नुसतं कोणीतरी तोंडात पाणी घालत होतं म्हणून, हे डाक्तरांनाही सांगता आलं नाही. बरा होऊन निघालेल्याला चिठ्ठी परत द्यायची, अशी रीत होती. त्यानं ती पागोट्याच्या घोळात बांधली.

त्यानंतर बोरडोहची वस्ती दिवसागणिक वाढू लागली. निजामाच्या हद्दीतला शेख इमाम गाडीवान बोरडोहचा निघाला. सेमाडोहकडून कापूस वेचायला उतरलेली एक कोरकू बाई बोरडोहची निघाली, तिची भाषा आम्हा कोणालाच कळत नव्हती, तरी पाटील म्हणाले, “आमच्या गावात अशीच बोलतात.” एक बैरागी स्वतः काशीचा असल्याचं शपथेवर सांगत होता. पाटलांनी त्याला दटावलं, “महाराज, काशी लंब पडते, तवर मरसान. बोरडोह म्हना.” महाराज बोरडोह म्हणाले. मजकूर मी लिहायचो, नांगर ते काढायचे. नांगर आता दोन रेघांचा झाला होता. रोज सकाळी ते गाड्यांखालून वाकून फिरत आणि ओरडत, “बोरडोहचं कोनी हाय काय रे?” लोकांना उत्तर लवकरच समजलं.

छपरात सगळेच जगले असं नाही. जे गेले त्यांच्या चितेला किंवा मातीला पाटील हजर असत, कारण गावचा माणूस गेला की पाटलानं जायचं असतं. शेख इमामच्या मातीला ते पागोटं सारखं करून सर्वांत पुढे उभे राहिले. परत येताना माझ्या मेजापाशी थांबले. “चांगला मानूस होता,” म्हणाले. त्यांची त्याची ओळख दोन दिवसांची.

सरकार आंधळं असतं असं म्हणणारे चुकतात. सरकारला कागद उत्तम दिसतो. माझी रोगनोंदवही वर गेली आणि वरच्या कचेरीत कोणाच्या तरी लक्षात आलं, की साऱ्या तालुक्यात पटकीनं सर्वांत जास्त पछाडलेलं गाव म्हणजे मौजे बोरडोह. लगोलग दोन हुकूम सुटले. एक, बोरडोहला औषधाची पेटी पाठवावी. दोन, बोरडोहला शिपायांचा पहारा बसवावा आणि गावातून एकाही माणसाला बाहेर पडू देऊ नये.

पेटी पाटलांच्या ताब्यात मिळाली. त्यांनी ती बोरडोहपर्यंत नेली, मारुतीपुढे ठेवली, पोचपावतीवर नांगर काढला आणि त्याच गाडीनं परत आणून डाक्तरांच्या हवाली केली. “गावात ठेवून काय करू? लोकं तर अठी हायेत.”

पहारा मात्र खराच बसला. दोन शिपाई बाभळीखाली बसून बोरीच्या झुडपांवर नजर ठेवू लागले. दर दोन दिवसांनी त्यांचा रिपोर्ट येई: गावात शांतता आहे, नवा रोगी नाही, आजही एकही इसम बाहेर पडू दिला नाही. वरची कचेरी खूश झाली. असा कडक बंदोबस्त तालुक्यात कुठेच नव्हता. आणि इकडे अमरावतीच्या फाटकातून बोरडोहचे लोक रोज आत येतच होते. हे दोन कागद पंधरा-वीस दिवस एकाच कचेरीत वेगवेगळ्या कपाटांत सुखानं राहिले. मग कोणी तरी साफसफाई केली असावी.

चौकशीला तहसीलदार स्वतः आले. दवाखान्याच्या ओसरीवर बैठक मांडली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर, शेजारी माझी नोंदवही, मी कोपऱ्यात उभा. पटकी ओसरत आली होती, पण छपरात अजून दहाबारा जण पडलेले होते आणि सगळे बोरडोहचे.

“पाटील, हे सगळे तुमच्या गावचे?”

“हाव.”

“वडार, मुसलमान, कोरकू, बैरागी?”

“गाव मोठं हाय सरकार.”

“गावात घरं किती?”

“एक बी नाई.”

“मग हे लोक राहतात कुठे?”

“तेच त मी सरकारले इचारून राह्यलो,” उकंडराव म्हणाले. “बेचिराग गावचे लोक गावात राह्यले असते, तर गाव बेचिराग काहून झालं असतं? ते बाहीरच सापडतीन.”

तहसीलदार भला माणूस होता. त्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण तो पुन्हा जागेवर आला. त्यानं गठ्ठ्यातली एक चिठ्ठी उचलली. “हे अक्षर कोणाचं?”

चिठ्ठीतलं अक्षर आणि वहीतलं अक्षर शेजारी शेजारी उघडं होतं. आंधळ्यानं हात फिरवला असता तरी ओळखू आलं असतं. मी ‘माझं’ म्हणायला हवं होतं. दोन अक्षरी शब्द.

“बजारात लिवून देनारे लय हायेत,” उकंडराव माझ्याकडे न बघता म्हणाले. “हा कारकून त पुन्याचा. त्याले इकडचं काय समजते? त्याले मीच फसवलं.”

तहसीलदारानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. मग आवाज खाली आणून पाटलांना म्हणाला, “असं करा. तुम्ही म्हातारे आहात. लिहून द्या, की लोकांनी खोटं सांगून चिठ्ठ्या घेतल्या. मी चिठ्ठ्या रद्द करतो. तुमची पाटीलकी राहील. नाहीतर खोटे दाखले दिल्याबद्दल वतन जप्त होतं, माझ्या हातात काही नाही.”

उकंडराव बराच वेळ पागोट्याचं टोक चाळवत बसले. आजापासून चालत आलेली गोष्ट होती. तिच्यासाठी हा माणूस घाण्याचा बैल घेऊन चार कोस उन्हातून चालत जात होता.

“चिठ्ठ्या रद्द झाल्या, त त्या छपरातल्यायचं काय?”

“चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्यांना बाहेर जावं लागेल. नियम आहे.”

“आज?”

“आज.”

“मंग चिठ्ठ्या खऱ्या हायेत,” पाटील म्हणाले. “कुठं निशानी करू?”

जप्तीऐवजी पाटीलकीच्या राजीनाम्यावर भागलं, आणि तो कागद मीच लिहिला. लिहिताना दोनदा शाई सांडली. उकंडरावांनी बोरू घेतला, तासला, शाई ढवळली, कागदावर फुंकर मारली. मग नांगर काढायला बसले. इसाड काढलं, फाळ काढला, रुमणं काढलं, रुमण्याची मूठ काढली, जू काढलं आणि जूच्या खुंट्या, शिवळासुद्धा काढल्या. पाऊण घटका तहसीलदार, त्याचे शिपाई आणि डाक्तर असे सगळे उभे राहून बघत होते, पण कोणी आवरा म्हटलं नाही. काढून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून पाहिला, मला म्हणाले, “बेस जमला,” आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून गेले. पागोटं त्यांनी हातात घेतलं होतं.

छपरातले दहाबारा जण तसेच राहिले. चिठ्ठ्या देणारा पाटील गेला, तरी त्या दिल्या तेव्हा तो पाटील होता, असा तहसीलदारानंच अर्थ लावला. त्यातले बहुतेक बरे झाले.

उकंडराव नंतर अमरावतीत दिसले नाहीत. मी शोधायला हवं होतं. मी शोधलं नाही, कारण सापडले असते तर काय बोलणार होतो? पुढं अमेरिकेतली लढाई थांबली, भाव एका दिवसात खाली आले आणि पालखीतली माणसं पुन्हा पायी चालू लागली. रेल्वे बडनेऱ्यावरून पुढं गेली. माझी बदली अकोल्याला झाली.

त्यालाही बरीच वर्षं झाली असतील. अकोल्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढणारे एक हातखंडा डाक्तर आले होते, म्हणून लांबलांबून म्हातारी माणसं येत. मी खाली मान घालून नावं लिहीत होतो. रांगेतला पुढचा माणूस आला, मी सवयीनं विचारलं, “गाव?”

उत्तराऐवजी हसणं ऐकू आलं. “हा त आपला नियमवाला कारकून!”

मी वर पाहिलं. उकंडराव पाटील. डोळ्यांवर पांढरं झापड, अंग वाळलेलं, डोक्याला पागोटं नव्हतं, साधा फडका होता. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं. मी खुर्चीवरून उठलो आणि त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. मग इतकी वर्षं राहून गेलेलं एकदाचं बोललो. “पाटील, त्या दिवशी मी गप्प बसलो.”

“बरं केलं ना बापा. दोघंई गेलो असतो, त उरलेल्यायची नावं कोनं लिवली असती?” आणि लगेच म्हणाले, “पाटील नका म्हनू. आता मी पाटील नाई.”

मग बोरडोहची हकिकत सांगितली. पटकीतून उठलेल्यांपैकी काहींना जायला ठिकाण नव्हतं. लोक विचारू लागले, चिठ्ठीवरचं गाव कुठं आहे? लिंगू वडार पहिला जाऊन पोचला. बोरीची झुडपं त्यानंच तोडली. तेव्हा सरकार पडीक जमीन कसणाऱ्याला देत होतं. ज्यानं पहिला नांगर घातला, त्याच्याकडे गावचं काम सोपवलं.

“लिंगू पाटील?” मला हसू आलं.

“हाव. पोळ्याले पयला मान त्याचा. मी मांगून जातो आता, सगळ्यायसंगं.” त्यांनी डोक्याचा फडका सारखा केला. “दिवे लागतात म्हन्तात गावात. वीसेक असन. मले दिसत नाई, मून त अठी आलो. एक डाव पाहून घेतो.”

मी त्यांना म्हटलं, डाक्तरांना सांगून तुमचं काम आजच करवतो. त्यांनी मान हलवली आणि फडक्याच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला.

“चिठ्ठी,” म्हणाले. “आनली हाय. तुमचं काई सांगता येत नाई.”

तो नियम रद्द होऊन कैक वर्षं लोटली होती. अकोल्याला तर तो कधी नव्हताच. मी तसं सांगितलं नाही. खुर्चीवर बसलो, चष्मा पुसला आणि कागद उलगडला. अक्षर कोणा नव्यानं लिहायला शिकलेल्याचं होतं, ओळ वरखाली जात होती. मौजे बोरडोह. उकंडा वल्द नारायण, हा इसम आमच्या गावचा आहे, त्यास औषधपाणी द्यावे.

खाली निशाणी होती. इसाड होतं, फाळ होता. रुमणं नव्हतं.